बाजूची सीट

हीटर निघता निघत नव्हता. व्हिव्हियनने डॅशबोर्डखाली डोकं घालून शेवटचा स्क्रू सैल केला, दोन्ही हातांनी हिसका दिला, तसा तो धुळीसकट त्याच्या छातीवरच आला. खोकत खोकत तो गाडीबाहेर आला आणि हीटर कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर ठेवला. बाथरूममधला हा काटा गॅरेजमध्ये आल्यापासून त्याच्या बायकोने, रेनीने, स्वतःचं वजन बघणं सोडून दिलं होतं, आणि ती त्यावर खूश होती.

"आणखी सहा किलो गेले," व्हिव्हियन म्हणाला.

"मी उतरलो तर किती जातील?" गाडीतून आवाज आला.

बाजूच्या सीटवर त्याचे वडील, बावतीस, समोरच्या बंद शटरकडे बघत बसले होते. अंगात स्वेटर, गळ्याला मफलर, मांडीवर फोन.

"तुम्ही बसा पप्पा. तुमचं वजन मी धरत नाही."

गाडी सत्तरच्या दशकातली, दोन दारांची, व्ही-एट इंजिनवाली फाल्कन. मेलबर्नजवळच्या वेरिबीत घर झाल्यावर व्हिव्हियनने ती हौसेने घेतली होती आणि रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाताना मिरवली होती. मग मेलबर्नला लॉकडाऊन लागला, ऑफिस बेडरूममध्ये आलं, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी झाली, आणि नेमकं तेव्हाच गड्याच्या डोक्यात ड्रॅग रेसिंगचं खूळ शिरलं. सरळ पट्टा, पाव मैल, दिवा हिरवा झाला की सुटायचं. वळण नाही, ब्रेक शेवटीच. त्यासाठी गाडी हलकी हवी, म्हणून त्याने मागची सीट काढली, गालिचा काढला, तळाला चिकटवलेलं आवाज अडवणारं अस्तर खरवडून काढलं, दारांच्या काचा जाऊन प्लास्टिकच्या आल्या. जिथे धावायचं तो ट्रॅकही बंद होता, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण रिकामे हात त्याला खायला उठत.

बाजूची सीट मात्र तशीच होती. त्याचा मित्र जेम्स व्हिडिओ कॉलवर रोज तिच्यावरून छळायचा.

"मेट, ड्रॅग कारमध्ये पॅसेंजर सीट? हू आर यू टेकिंग, युवर ग्रॅनी?"

"नो वरीज, काढतो," व्हिव्हियन म्हणायचा, आणि दुसरंच काहीतरी उघडायला घ्यायचा.

बावतीस फेब्रुवारीत दीड महिन्यासाठी आले होते, नातीच्या, इव्हाच्या, पहिल्या कम्युनियनला. कम्युनियन पुढे गेलं, विमानं बंद झाली आणि म्हातारा इथेच अडकला. त्यांची बायको रेमेत गुडघ्यांमुळे आलीच नव्हती. ती वसईला, वाडीतल्या घरात एकटी होती. शेजारची पुतणी येऊन-जाऊन बघायची. अडकलेल्यांना भारतात नेणारी खास विमानं अधूनमधून सुटत. दोन सुटलीही. दोन्ही वेळा व्हिव्हियन म्हणाला, "आत्ता नको पप्पा, तिकडचे आकडे बघा, तुमचं हार्ट बघा." दोन्ही वेळा बावतीस "बरं" म्हणाले, आणि मग दिवसभर घरातून गॅरेजमध्ये आणि गॅरेजमधून घरात फेऱ्या मारत राहिले. आकड्यांची भीती खोटी नव्हती. पण त्याच्याखाली दुसरी एक होती, ती त्याने रेनीलाही सांगितली नव्हती. पप्पांना तिकडे काही झालं तर त्याला इथून बाहेर पडता येणार नव्हतं. ते डोळ्यांसमोर होते, तेवढंच त्याच्या हातात होतं.

संध्याकाळी सातला बावतीस या सीटवर बसून, हातात माळ घेऊन रोझरी म्हणत. घरात इव्हाचा ऑनलाइन क्लास, रेनीच्या मीटिंगा, म्हणून गाडीत. लग्नापासूनचा शिरस्ता होता: प्रत्येक 'नमो मारिया'चा पहिला अर्धा भाग त्यांनी म्हणायचा, उरलेला रेमेतने. आता तो फोनवरून चाले. वसईत तेव्हा टळटळीत दुपार असायची, तरी रेमेत संध्याकाळची रोझरी अडीचलाच म्हणायची. यावरून वाडीभर तिची थट्टा चालली होती.

त्या दिवशी सात वाजले तेव्हा व्हिव्हियन गाडीखाली उताणा होता. एरवी तो या वेळी पाने आदळत असे आणि वर नुसती कुजबुज जाणवे. आज हातातलं काम बिनआवाजी होतं आणि तळाला अस्तर उरलं नव्हतं. शब्द न् शब्द पत्र्यातून खाली येत होता.

पप्पांनी पहिला अर्धा भाग म्हटला. थांबले. फोनमधून काहीच आलं नाही, फक्त श्वास. मग पप्पांनीच मम्मीचा भाग म्हटला, हळू, तिच्या चालीत. पुन्हा आपला म्हटला. पुन्हा थांबले. पुन्हा तिचा.

व्हिव्हियनने हातातला पाना छातीवर ठेवला. माळेचं एक अख्खं दशक, दहाच्या दहा 'नमो मारिया', असंच गेलं. तेव्हा कुठे तो बाहेर आला.

"मम्मी झोपली का?"

बावतीसनी फोन आधी बंद केला.

"जागी होती. दम लागतो तिला. बोलायला गेलं की खोकला येतो."

"कोविड?"

"टेस्ट केली, तो नाही. डॉक्टर म्हणतात, हार्ट. पाणी साठतंय."

"कधीपासून?"

"दुसरं विमान गेलं त्याच्या आधीपासून."

व्हिव्हियनचा आवाज चढला. "आणि मला सांगितलं नाही? पप्पा, मी काय परका आहे?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, आता तर मुळीच नको." बावतीसनी माळ गुंडाळून खिशात टाकली. "तू घाबरतोस रे. मला कळतं. मीही घाबरतो. पण ती तिकडे आहे."

व्हिव्हियनला रडू आलं आणि त्याचा रागही आला. हात पुसायला फडकं शोधायच्या निमित्ताने त्याने पाठ फिरवली. बावतीस दार धरून सावकाश उतरले, वाकून सीटच्या खाली बघितलं.

"किती बोल्ट असतात हिला?"

"चार."

"मग काढ की. तुझा तो जेम्स रोज ओरडतो."

तीन बोल्ट निघाले. चौथा गंजला होता. व्हिव्हियनने त्याच्यावर तेल सोडलं, थांबला, पान्याला नळी लावून सगळा भार टाकला. करकरत तो फिरला. दोघांनी मिळून सीट बाहेर काढली आणि भिंतीला टेकवली. वजनकाटा बाजूलाच होता, तिकडे कुणी गेलं नाही.

आत जाऊन तो रेनीला म्हणाला, "पुढच्या विमानात पप्पांचं नाव घाल." रेनीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मीटिंग चालू असतानाच तिने दुसरी खिडकी उघडली.

नाव लागल्याचा निरोप दोन दिवसांनी आला. त्या संध्याकाळी बावतीसनी गॅरेजमध्ये उभ्यानेच फोन लावला. व्हिव्हियन ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता. शेजारी उघडा पत्रा आणि चार भोकं होती.

"रेमेत, पोराने उतरवलं गं मला गाडीतून. सीटच काढली."

पलीकडे खोकला झाला. खोकल्यानंतर एक बारीक, दमलेला आवाज आला.

"मग आता बसता कुठे?"

"आता बसत नाही," बावतीस म्हणाले. "आता निघतो."

त्यांनी फोन वर धरला आणि पहिला अर्धा भाग सुरू केला. संपवून ते थांबले. फोनमध्ये श्वास ऐकू येत होता. व्हिव्हियनने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, घसा साफ केला, आणि मम्मीचा भाग म्हणायला लागला.