घट्ट झाकणाचे डबे

दर रविवारी थोरली लेक बाबांसाठी सूपचं मोठं पातेलं चढवायची. भोपळा, गाजर, मूठभर डाळ. म्हातारपणी पचायला हलकं आणि अंगी लागणारं. सात डबे भरायचे, बाबांच्या फ्रीजमध्ये रचायचे आणि उभ्याउभ्याच निघायचं. मागच्या खेपेला तर सांडू नये म्हणून तिने घट्ट झाकणाचे नवे डबे हौसेनं आणले होते.

या रविवारी फ्रीज उघडला, तर सातही डबे जसेच्या तसे. तिचं डोकंच फिरलं.

"मी इथे राब राब राबते आणि तुम्ही चहा-बिस्किटांवर दिवस काढता? या वयात कसले हे नखरे, बाबा?"

बाबा चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते. गंजलेले नट त्यांनी चुटकीसरशी सोडवले होते. ते मान खाली घालून म्हणाले, "सूप छानच असतं गं. भूकच नव्हती."

"थापा मारू नका!" तिने एक डबा ओट्यावर आपटला, आणि तिचं लक्ष झाकणाकडे गेलं. कडेला स्क्रू-ड्रायव्हरचे ओरखडे होते. शेजारी दातांच्या खुणा.

तिने बाबांच्या हातांकडे पाहिलं. सांधे सुजले होते, बोटं वाकडी झाली होती. हे कधी झालं, ते तिला सांगता आलं नसतं.

बाबांनी डबा हळूच तिच्याकडे सरकवला.

"तेवढं एक झाकण उघडून दे," ते म्हणाले, "मग जा."