उडी न येणाऱ्यांची वाट

मित्रांनो, मी एक म्हातारी प्राँगहॉर्न आहे. अमेरिकेत, वायोमिंगच्या माळावर राहते. दिसते हरणासारखी, पण मला हरीण म्हणू नका. हरणं आमच्या शेजारची, नात्यातली नव्हेत. कुणी हरीण म्हटलं की माझ्या शेपटीजवळचे पांढरे केस रागाने असे फुलतात, की दोन कोसांवरच्या लोकांना वाटतं बर्फ पडला.

माझा जन्म जूनमधला. डोळे उघडले तेव्हा आभाळ नाकाला लागत होतं. मला वाटलं, आपण चुकून ढगात जन्मलो. मग कळलं, ती ल्युपिनची निळी फुलं होती. आई मला त्यांच्यात निजवून लांब चरायला जाई. कोल्हा चार पावलांवरून गेला तरी त्याला माझा पत्ता लागत नसे, कारण आमच्या पिलांच्या अंगाला वासच नसतो. मी मात्र सगळ्यांचे वास घेत पडून राही. सेजच्या राखाडी झुडपांचा कडवट वास, ओल्या मातीचा वास आणि दुपारी तापलेल्या फुलांचा तो गोड, पेंगुळलेला वास. त्या वासात मला जागेपणीच स्वप्नं पडत. अजूनही पडतात.

आठवडाभरात मी धावायला लागले. तरुणपणी तर एकदा अशी सुटले की सावली मागेच राहिली. ती तिसऱ्या दिवशी धापा टाकत आली आणि पौर्णिमेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा.

पण देवाने आमच्या पायांत वारा भरला आणि उडी भरायची विसरला. तारेचं कुंपण आडवं आलं की आम्ही गुडघे टेकतो आणि खालच्या तारेखालून सरपटत जातो. हरणं हसतात. हसू देत.

दर पानगळीत आमचा कळप वरचा माळ सोडून दक्षिणेकडच्या कमी बर्फाच्या रानात जातो. वर राहिलो तर झुडपं बर्फाखाली जातात आणि पिलं उपाशी मरतात. वाट एकच, माझ्या खापरपणजीने पाडलेली. ती बेत्तिरीच्या कुरणातून जाते. बेत्तिरी हा बास्क मेंढपाळ, युरोपातल्या डोंगरांतून आलेल्या लोकांपैकी, साठी उलटलेला. तो आणि त्याची विधवा वहिनी ग्रासिआना मिळून मेंढ्या सांभाळत. कोल्ह्यांनी कोकरं पळवली, म्हणून एका उन्हाळ्यात त्याने जुन्या तारा काढून जमिनीपर्यंत घट्ट जाळी ठोकली. जाळीवर काटेरी तारही ओढली.

"भावजी, ती माळावरची जनावरं कुठून जाणार?" ग्रासिआनाने विचारलं होतं.

"वरून. हरणं नाही का जात?"

"अहो, त्यांना उडी येत नाही."

"एवढ्या लांब तंगड्या काय शोभेला दिल्यात?"

त्या पानगळीत आम्ही जाळीपाशी पोचलो. चाळीस जणी आणि माझं जूनमधलं पिलू. खाली वीतभरही फट नव्हती. हरणं आली, अलगद उडाली, पलीकडून मागे वळून पाहत राहिली. आम्ही तीन दिवस जाळीच्या कडेने येरझारा घालत होतो. उत्तरेचं आभाळ शिशासारखं झालं. पिलाचे पाय थरथरू लागले. ते जाळीला नाक लावून उभं राही आणि पलीकडचं पिवळं गवत हुंगत राही, जणू स्वप्नातलं.

चौथ्या सकाळी बेत्तिरी पिकअपमधून उतरला. सोबत ग्रासिआना होती.

"बघा, मरायला टेकलीत," ती म्हणाली.

"घाबरट आहेत. कुणी दाखवायला हवं. ए बायांनो, इकडे बघा! अशी मारायची!"

आणि मित्रांनो, तो म्हातारा खरोखर पळत आला. तो इतका उंच उडाला की एक बहिरी ससाणा त्याला वाट द्यायला बाजूला झाला. मग तो खाली आला, पण पुरता नाही. विजार काटेरी तारेत अडकली आणि बेत्तिरी खांबाशेजारी ओल्या गोधडीसारखा लोंबकळू लागला.

"वहिनी, हसू नका! पक्कड आणा!"

"आणते हो. आधी सांगा, उडी कुणाला येत नाही?"

"त्यांनाही आणि मलाही! झालं समाधान?"

तार सैल करायला तिने दोन खांबांचे खिळे खालपासून उपटत आणले. जाळीचा खालचा काठ उचकटून वर आला. माझं पिलू पुढे झालं, थबकलं. वर माणूस लटकलेला. मी पिलाला मागून नाकाने ढोसलं. त्याने गुडघे टेकले.

"हलू नका भावजी," ग्रासिआना पुटपुटली.

तेवढ्यात विजार टरकन फाटली. आता तो सहज खाली उतरला असता. पण उतरला असता तर आम्ही उधळलो असतो. त्याने खांबाला मिठी मारली, पाय वर ओढून घेतले आणि थंडीत थरथरत तसाच चिकटून राहिला. आम्ही चाळीस जणी एकामागून एक त्याच्या खालून गेलो. संध्याकाळी वरच्या माळावर बर्फ कोसळला. आम्ही तोवर खूप खाली आलो होतो.

त्यानंतर दर पानगळीत, मेंढ्या घराजवळ आणल्या की बेत्तिरी वाटेवरच्या जाळीचा काठ गुंडाळून वर बांधतो. गावात मात्र सांगतो, "त्यांना कुंपण ओलांडायला मीच शिकवलं." सांगू दे. थापांचा मक्ता काय माझ्या एकटीकडेच आहे?

आता माझे गुडघे टेकले तर उठत नाहीत. यंदा मी इथेच, वरच्या माळावर राहणार. दुपारभर डोळे मिटून पडते आणि मला माळ धावताना दिसतो, मी नाही. मित्रांनो, जे तुमचं ते राखायला कुंपण जरूर घाला. पण घालण्याआधी जमिनीवर बसून बघा, तिथून कुणाची वाट जाते का. जात असेल तर खाली हातभर जागा सोडा. तेव्हाचं ते पिलू, माझी लेक, यंदा कळपाच्या पुढे चालणार आहे, आणि तिलाही उडी येत नाही.