वळायला लागणारी जागा

दसऱ्याच्या सकाळी आमच्या अ‍ॅम्बेसेडरचा मागचा भाग आतून लांबत गेला. बाहेरून गाडी होती तेवढीच राहिली. मागच्या सीटवर आमचे हे बसले होते, ते दिसेनासे झाले.

वाद दरवर्षीचाच. अंगणात दोन गाड्या, ह्यांची अ‍ॅम्बेसेडर आणि धाकट्या दिरांची, मुकुंदभाऊजींची फियाट. आधी पूजा कुणाच्या गाडीची? हे म्हणणार, "चौदाशे एकोणनव्वद सीसी. खड्डा कळतसुद्धा नाही." भाऊजी म्हणणार, "आणि वळवायला शेजाऱ्याचं अंगण लागतं." यंदा हे तावातावानं मागं जाऊन बसले. "बघ, किती ऐसपैस!" म्हणाले, आणि गाडीनं ते मनावर घेतलं.

पूजा झाली की गाडी लिंबांवरून पुढे घ्यायची. लिंबं चिरडताना माणूस ज्या गाडीत असेल त्याच गाडीचं होऊन राहतं. हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं.

"भाऊजी, थांबा जरा."

"मुहूर्त थांबतो का, वहिनी? मी अ‍ॅम्बेसेडरला सावकाश हार घालतो. तुम्ही दादाला घेऊन या." त्यांनी फियाटची किल्ली दिली.

अ‍ॅम्बेसेडरचं मागचं दार उघडून मी फियाट आत घातली. रेक्झिनवर चाकं चुरचुरली. स्टिअरिंग हलकं होतं, मनातल्या मनात भाऊजींना मार्क दिले. दोन्हीकडच्या खिडक्या जवळ येत गेल्या. आधी आरसा मिटून घ्यावा लागला, मग फियाटचं छत अ‍ॅम्बेसेडरच्या टपाला घासायला लागलं.

हे अखेर दिसले. चपला काढून, हात मांडीवर, लग्नाच्या फोटोत बसतात तसे.

"कोणती आणलीस?"

"भाऊजींची."

"मग मी नाही येत. हजार एकोणनव्वद सीसी. दोघांना घेऊन चढ चढेल का ती?"

"अहो, इथं चढ कुठाय? वळायला जागा नाही. तुमची इथं कशी वळवली असतीत?"

त्यांनी सीटच्या रेक्झिनवरून हात फिरवला. मग म्हणाले, "चहा घेतलास?"

"तुमच्याशिवाय कधी घेते?"

मी गाडी वळवायला घेतली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. बंपर टेकत होता, सुटत होता. वळली.

"वळते हं," हे हळूच म्हणाले.

लांबून भाऊजींची हाक आली, मुंगीएवढी. "वहिनी, निघालात का?"

"निघालोच!" मी ओरडले. चपला सापडायच्या आत 'निघालोच' म्हणायचं, ही आमच्या घराची रीत. भाऊजीही ह्याच घरातले, पण आज त्यांनी ते खरं धरलं. नारळ फुटला.

"बसा हो लवकर!"

ह्यांनी एक पाय आत टाकला. दुसरा चप्पल चाचपत होता. अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन भरदार आवाजात सुरू झालं आणि ती लिंबांवरून हात-दोन हात पुढे सरकली.

"थांब ना," हे म्हणाले, "एकच राहिलीय."

मी त्यांचा हात घट्ट धरला आणि क्लच सोडला. आतला पाय माझ्या शेजारी होता. दुसऱ्या पायाचा गुडघा फियाटच्या उघड्या दारातून बाहेर लांबत गेला, आणि पार मागे, सीटवर, त्याचं पाऊल लहान लहान होत चप्पल शोधत राहिलं.