डोक्यावर ओझं घेऊ नका

डॉक्टरचं बोलणं आपल्या सोयीनं समजून घेण्यात रूपसिंगचा धडधडीत फायदा होता. पाण्याचा गुंड, सरपणाची मोळी आणि चाऱ्याचा भारा, तिन्ही बायकोच्याच, रामीबाईच्याच, डोक्यावर राहणार होते.

आर्णीच्या डॉक्टरनं रामीबाईला मानेचा फोटो दाखवून सांगितलं होतं की मानेत नस दबली आहे, म्हणून अंगठा बधिर होतो नि हातातून वाटी सुटते. गोळ्या, थोडे दिवस पट्टा, रोजचा व्यायाम; एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. नाहीच भागलं तर इंजेक्शन. हाताची ताकद जायला लागली तर मात्र ऑपरेशन. "आन् डोक्यावर ओझं घेऊ नका," तो शेवटी म्हणाला.

रूपसिंगनं तांड्यात सांगून टाकलं, डॉक्टर म्हणे टेन्शन घ्यायचं नाही. पाण्याला निघालेल्या बायकोलाही तो खाटेवरून मायेनं तेच बजावायचा. रामीबाईलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ओझं म्हणजे चिंता. गुंडाला कुणी ओझं म्हणतं का?

पुढच्या तपासणीला डॉक्टरनं तिला आपली दोन बोटं दाबायला सांगितली. तिनं दाबली, पण त्याला दाब कळलाच नाही. असंच राहिलं तर नागपूरला जाऊन ऑपरेशन, तो म्हणाला, आणि घरी पाणी कोण आणतं ते विचारलं. रामीबाईनं खरं ते सांगितलं.

"तुमीच तं म्हनलं, टेन्शन घेऊ नका," रूपसिंग म्हणाला.

"मी गुंडाचं बोलून राह्यलो होतो, काका."

परतीच्या बसमध्ये रामीबाई उजवी मूठ उघडत-मिटत बसली. याच हातानं ती भाकर थापायची, नातीची वेणी घालायची, कांचळीच्या चोळीवर आरसे शिवायची.

सकाळी रूपसिंगनं पागोट्यावर चुंबळ ठेवली. विहिरीवरच्या बायांचे दोर जागच्या जागी थांबले. अर्धा गुंड त्याच्या मिशांवरूनच वाहिला.

"काहो भाऊजी," भावजय बिजलीबाईनं विचारलं, "नव्या सुनेले चालता येत नाही काय?"

"टेन्शन घेऊन राह्यलो, वैनी."

दिवाळीनंतर डॉक्टरनं पुन्हा बोटं पुढे केली. रामीबाईनं ती अशी आवळली की तो खुर्चीतून अर्धा उठला. ऑपरेशनचं नाव निघालं नाही. ओझं मात्र पुढेही बंद, आणि या वेळी त्यानं गुंड, मोळी, भारा अशी एकेकाची नावं घेतली.

हिशेबच करायचा तर गोळ्या दवाखान्याच्या होत्या, पट्टा पोरानं, सुनीलनं, आणला होता. बाकीचं सगळं रूपसिंगनं भरलं; तेही विहिरीवर, बायांच्या देखत.