पाण्यात सोललेले अंडे

केशवराव गच्चीवर अंडे सोलायला बसत आणि सोलता सोलता त्यातले निम्मे हरवून बसत. टरफल निघे ते पांढऱ्याचा लचका तोडूनच. उरे ते उंदराने कुरतडल्यासारखे काहीतरी. तेच वाटीत झाकून ते जिना उतरत आणि पत्नी ताराबाईंपुढे ठेवत.

हवे होते ते नेमके पांढरेच. ताराबाईंची मूत्रपिंडे थकली होती. डायलिसिसचे यंत्र त्यांचे रक्त धुऊन परत देई, आणि त्या धुण्यात अंगातले प्रथिनही थोडे वाहून जाई. "पिवळं वर्ज्य, पांढरं रोज," डॉक्टरांनी बजावले होते. "ताकद अशीच उतरत गेली, तर यंत्रही यांना झेपायचं नाही."

थोरले बंधू काकासाहेब यांनी परवानगी दिली, तीही मोठ्या मनाने. औषध म्हणून, गच्चीवर, वेगळ्या शेगडीवर. टरफलाचा कणही जिन्याखाली दिसता कामा नये. केशवरावांनी मान डोलावली. सोवळे कसे जन्मले, कोणी कोणावर लादले आणि त्यात कोणाची किती आयुष्ये वाळली, यावर त्यांनी पाचशे पानांचा प्रबंध लिहिला होता. विद्यापीठाने तो गौरवला होता. घरात मात्र त्यांनी जिना चढणे पसंत केले. विद्वत्तेला गुडघेदुखी सोसते, भाऊ दुखावलेला सोसत नाही.

अंडी अंतरवाली सराटीच्या गोजरबाईकडून येत. केशवरावांची अट एकच होती: आजचीच हवीत. देवाला फूल आजचे, दूध आजचे, मग औषध शिळे कसे चालेल? सोलण्याच्या सोप्या युक्त्या सांगणारे पंडित फोनमध्ये पुष्कळ होते. एकाने पाण्यात सोडा घालायला सांगितले, दुसऱ्याने अंडे पेल्यात घालून खुळखुळवायला. तिसरा म्हणाला, एका टोकाला भोक पाडा आणि जोराने फुंका. केशवरावांनी फुंकले. त्यांना घेरी आली. अंडे जागचे हलले नाही. दूर एमआयडीसीतल्या पोलादाच्या कारखान्यांची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.

खाली ताराबाई डायलिसिसच्या दिवशीच्या गुंगीत होत्या. डॉक्टरांच्या हुकमाने त्यांना पाणी मोजून मिळे, आणि मोजक्या पाण्याच्या माणसाला स्वप्ने पाण्याचीच पडतात. विहिरीच्या पायऱ्या उतराव्यात, पाणी पायाशी यावे आणि हळूच एक पायरी खाली सरकावे, असे काहीसे चालले होते. पावले वाजली तसे त्यांनी डोळे उघडले.

"वर काय फुंकून राह्यला होतात? शंख?"

"अंडं."

ताराबाई हसल्या. असे हसणे या खोलीत फार दिवसांनी झाले. "कधीचं आहे ते?"

"आज सकाळचं. बिलकुल ताजं."

"अहो, देवाला वाहायचंय का? ताजं अंडं टरफल सोडत न्हाई. आठवडाभर राहू द्या, मंग उकळत्या पाण्यात सोडा. काढलं की लगेच गार पाण्यात."

"तुला गं काय माहीत?"

"माहेरी परतूरला, मैत्रीण कौसल्याच्या परसात. शाळेतून येता येता. बादलीत हात घालून सोलायचो दोघी. पाण्यात आवाज होत न्हाई."

"कधी बोलली न्हाईस."

"बोलले असते, तर तुमच्या दादांनी मलाच गच्चीवर ठेवलं असतं."

केशवरावांनी पुढची अंडी आठवडाभर ठेवली. मग एका दुपारी उकडली, गार पाण्यात टाकली आणि अख्खे पातेले उचलून जिना उतरू लागले.

खाली काकासाहेब पेपर वाचत होते. "केशव, टरफलासकट?"

"टरफलासकट. सोलणारी खाली आहे, दादा."

"घरात विटाळ—"

"त्यावर पाचशे पानं आहेत माझी. तुमच्याच कपाटात. अजून उघडलीही नाहीत, वाचा."

पातेले त्यांनी ताराबाईंच्या मांडीशी ठेवले. ताराबाईंनी दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात सोडले आणि कितीतरी वेळ तसेच राहू दिले. ओठांना मिळत नव्हते ते जणू तळवे पिऊन घेत होते. खिडकीतले ऊन पाण्यातून छतावर चढले आणि तिथे थरथरत राहिले. मग त्यांनी अंड्याचे रुंद टोक पातेल्याच्या तळाशी दाबले. आवाज झाला नाही. तडे सगळीकडे पसरले, पाणी आतल्या पापुद्र्याखाली शिरले आणि टरफल अंगावरून पदर ढळावा तसे उतरले. वर आलेल्या अंड्यावर नखाएवढाही ओरखडा नव्हता.

ताराबाईंनी ते अंडे दोऱ्याने कापले. दोन्ही पांढऱ्या वाट्या सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ल्या. आणि पिवळा गोळा, जो रोज गच्चीवरच्या मांजरीच्या वाट्याला जाई, नवऱ्यापुढे धरला.

"हे तुमचं."

दाराशी काकासाहेबांची सावली उभी होती. केशवरावांनी गोळा तोंडात टाकला. तो पिठासारखा कोरडा होता, टाळूला चिकटून बसला. पाणी हवेसे झाले. ताराबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. हात पुन्हा पाण्यात गेले होते.

केशवरावांनी पाणी मागितले नाही. घास तसाच गिळला.