घोड्याचा घाम

खालापूरच्या पुढे, घाट लागायच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या वडाखाली दोन-अडीचशे माणसं उन्हात ताटकळत उभी होती. त्र्याऐंशी सालचा मे. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात औषधाची रिकामी बाटली. समोर चाकांवर एक पांढरा पत्र्याचा भलामोठा डबा. पुढे ओढायला काही नाही, आत माणूस नाही, तरी तो घुरघुरत होता. त्याच्या पोटाखालून बर्फासारखं गार पाणी थेंब थेंब गळत होतं आणि त्या पाण्यावर सात रंग हलत होते.

मी त्या रांगेत होते. मॅट्रिक झालेली, रोज पेपर वाचणारी. कडेवर धाकट्या जावेची मुलगी आवडी, सहा वर्षांची, डोळे आलेली. जाऊ बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि पोरीला माझ्या भरवशावर ठेवून गेली होती.

सगळं एका शब्दानं झालं. ड्रायव्हर टपरीवर सांगून गेला होता की घोडा बिघडलाय, पनवेलला नेतो, परत येईपर्यंत डब्याला हात लावू नका. ट्रकवाले पुढच्या ओढणाऱ्या गाडीला घोडा म्हणतात, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? टपरीवरून निघालेला घोडा गावात पोचेपर्यंत पांढरा झाला आणि दिवस मावळायच्या आत खंडोबाचा.

सदू तेवढ्यासाठीच टपलेला असावा. हा सदू माथेरानला पाहुण्यांच्या घोड्यांचे लगाम धरायचा. तिथून हाकलल्यावर त्यानं भगवं नेसलं आणि सदूबुवा झाला. घोड्यांची भाषा तोंडात होतीच.

"देवाचा घोडा जेजुरीला निरोपाला गेलाय. पोट तेवढं मागं ठेवून गेलाय," तो सांगे. "ह्यो त्याचा घाम हाय. डोळ्याला लावा, पाठीला लावा, सासूला लावा."

"सासूला लावून काय व्हतंय, बुवा?" मागून रांगेतल्या येसूबाईनं विचारलं.

"गप बसती."

माणसं हसत आणि तांब्या पुढे करत. मग सदू डब्याला कान लावून डोळे मिटे आणि एकदम काठी उचलून म्हणे, "घे श्वास." त्यासरशी डब्याची घुरघुर चढे. बायका जमिनीला डोकं टेकवीत. मीही टेकवलं.

पहिल्याच दिवशी धर्माजी तिथं आला होता. ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीतला, खोपोलीच्या गॅरेजात काम करणारा. त्यानं बोट ओलं करून हुंगलं आणि माझ्या कडेवरच्या पोरीकडे बघून हळूच म्हणाला, "वैनी, हे डोळ्यात घालू नका. ह्यात डिझेल हाय."

मी चारचौघांत म्हणाले, "तुम्ही देव सोडलेत ना? मग आमच्या देवात कशाला पडता?"

लोक हसले. धर्माजीनं बोट धोतराला पुसलं आणि तो निघून गेला. ते वाक्य मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाही. आज लिहिते आहे.

कर्जतच्या डॉक्टरांनी दिलेली मलमाची नळी मी फळीवर ठेवून दिली. तीर्थ आणि औषध एकत्र चालत नाही, असं सदूनं बजावलं होतं. तीन दिवस मी पोरीच्या डोळ्यात तो घाम घातला. ती किंचाळायची आणि मी तिचे हात धरून ठेवायची. झोंबतंय म्हणजे गुण येतोय, असं तिला समजावायची. चौथ्या सकाळी उजवा डोळा उघडेना.

तिला घेऊन मी पुन्हा वडाखाली गेले. दवाखान्यात नाही, वडाखाली. धर्माजी कामावर निघाला होता. त्यानं पोरीचं तोंड पाहिलं आणि सायकल झाडाला लावली.

त्यानं माझ्या हातातला पेपर मागितला. एका कोपऱ्यावर टपरीवरचं पाणी शिंपडलं, दुसऱ्यावर घामाचे चार थेंब, आणि पेपर दगडावर पसरला. मेचं ऊन. बघता बघता पाण्याचा डाग वाळून गेला. घामाचा डाग तसाच राहिला, तेलकट, पलीकडची अक्षरं दिसतील असा.

"पाणी वाळतं, तेल ऱ्हातं," धर्माजी म्हणाला. "आता इकडं बघा."

डब्याच्या पुढच्या तोंडाशी आतला माल नासू नये म्हणून थंडावा करणारं यंत्र होतं, त्याला स्वतःचं छोटं इंजिन. घोडा असो नसो, ते चालतं. त्याची डिझेलची टाकी डब्याच्या पोटाखाली, मागच्या चाकांच्या पुढे टांगलेली. आम्ही तिलाच हळदकुंकू लावलं होतं. टाकी हाताशी यावी, भरायला सोपी पडावी म्हणून ती तिथं, पण आमच्या रस्त्याला फार खाली. कडेच्या दगडाला घासून तिचा सांधा उकलला होता. यंत्रावर धरलेला बर्फ वितळून ज्या नळीतून खाली पडे, ती नळी डब्याखालून मागे येऊन नेमकी त्या सांध्यावर गळत होती. गार पाणी यंत्राचं, सात रंग डिझेलचे.

मग त्यानं यंत्राची कळ फिरवली. घुरघुर थांबली.

"बुवा, घ्यायला सांगा श्वास."

सदूनं काठी उचलली. एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा आवाज फुटला नाही. डबा मुका. आतला गारवा कमी झाला की यंत्र टक् असं वाजतं आणि मग जोर धरतं. ती टक् ऐकूनच सदू काठी उचलत होता. धर्माजीनं कळ परत फिरवली. "माल कुणाचा तरी हाय, नासायला नको," एवढंच म्हणाला. सदू कुठल्या बाजूनं सटकला ते कुणी पाहिलं नाही. सगळे आपापल्या तांब्यात बघत होते.

धर्माजीनंच आम्हाला टेंपोत बसवून कर्जतला नेलं. डॉक्टर म्हणाले, मलम चालू राहिलं असतं तर आठवड्यात बरी झाली असती. उजव्या डोळ्यात फूल पडलं ते कायमचं.

परतीच्या वाटेत मला त्याची क्षमा मागायची होती. मी आवडीच्या डोळ्यावरची पट्टी सारखी करत बसले. तोच म्हणाला, "वैनी, देव माना न्हाय तर नका मानू. पण डोळ्यात घालायच्या आधी वास तरी घ्या."

वास मला पहिल्या दिवशीच आला होता. चुलीशी रॉकेल वापरणाऱ्या बाईला तो कळत नाही होय? मला कळला होता, आणि मी नाक बंद केलं होतं.

आवडी आता पन्नाशीकडे झुकली आहे. वाचताना मान उजवीकडे वळवते. मी शिकलेली होते, म्हणून माझ्यामागे आणखी बायका रांगेत आल्या. म्हणून सांगते, चमत्कारापुढे हात जोडायच्या आधी नाक, कान, डोळे उघडे ठेवा. आणि कुणी खरं सांगायला आला, तर तो कुठल्या वाडीतला हे विचारू नका.