पंप बंद असताना

लेकीने मासे घड्याळजींवर सोपवले ते निव्वळ नाइलाजाने. तिला कामासाठी पंधरा दिवस बाहेरगावी जायचं होतं. मासेवाला दुकानदार म्हणाला, टाकी आणून ठेवा, पण काही झालं तर मला बोलायचं नाही. मग आई मध्ये पडली. "मी आहे की लक्ष ठेवायला," ती म्हणाली. लक्ष माशांवर नव्हे, नवऱ्यावर.

कारण घड्याळजींना चालती वस्तू चालू राहिलेली बघवत नसे. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करून दुकान बंद केलं, पण हाताची खाज काही गेली नाही. घरातला रेडिओ, शिवणयंत्र, मिक्सर, सगळ्यांच्या पोटात ते डोकावून आले होते. एखादी वस्तू परत चालूच झाली नाही, तर ती मुळात बिघडलेलीच होती, हे उत्तर तयार असे.

"बाबा, दाणे टाकायचे आणि बाजूला व्हायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही," लेकीने निघताना बजावलं. "चार वर्षं जपलेत मी ते. या वेळी काही झालं ना, तर मी तुमच्या भरवशावर परत काही ठेवणार नाही." घड्याळजींनी शब्द दिला.

लोच जातीचे पाच मासे होते. नारिंगी अंगावर तीन काळे पट्टे, तोंडाशी मिशा आणि दिवसभर दगडांखाली लपाछपी. सहाव्या दिवशी सकाळी घड्याळजी पेपर वाचत बसले होते, तेव्हा टाकीकडून आवाज आला. टक्. जरा वेळाने टक् टक्. मग बराच वेळ काही नाही.

दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. पण बेताल टकटक म्हणजे घड्याळजींच्या कानात गेलेली मुंगीच. पंपाच्या आत काहीतरी सैल झालंय, त्यांनी निदान केलं. उद्या हा बंद पडला तर मासे गुदमरतील आणि ठपका येईल आपल्यावर. दोन दिवस त्यांनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी बायको भाजी आणायला बाहेर पडली आणि यांनी पिन उपटली.

टेबलावर पांढरं फडकं पसरलं, डोळ्याला भिंग लावलं आणि पंपाचे भाग काढले त्या क्रमाने मांडले. पाती शाबूत, दांडा सरळ, रबरी कडी जागच्या जागी. दोष म्हणून नावाला नव्हता. घड्याळजी बुचकळ्यात पडले, आणि तेवढ्यात टाकीतून आवाज आला.

टक्.

पंप तर टेबलावर उघडा पडलेला! घड्याळजी खुर्ची ओढून काचेला कान लावून बसले. मग त्यांनी एक दाणा टाकला. दोन मासे एकदम झेपावले, थोरल्याने धाकट्याला ढुशी दिली आणि टक्! पुन्हा दाणा, पुन्हा टक्. एकटाच मासा खायला आला तर कधी वाजे, कधी नाही. असं का? घड्याळजींनी कागद घेतला आणि लिहायला लागले. कोण वाजला, किती वेळा, कुणाला बघून. वेळेचं भान असणं हा ज्यांचा धंदा, त्यांना दुपार झाल्याचं कळलं नाही.

"अहो, हे काय मांडून ठेवलंय?" पिशवी हातात घेऊन बायको दारातच थबकली.

घड्याळजींनी टाकीकडे पाहिलं. चार मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेत होते. पाचवा, थोरला, दोन दगडांच्या मध्ये आडवा पडला होता. हलत नव्हता.

केसाएवढे स्क्रू बसवणारी बोटं त्या रबरी कडीशी तीनदा अडखळली. पंप एकदाचा सुरू झाला, चौघे हळूहळू खाली गेले. थोरला तसाच.

"मी बोलू तिच्याशी?" बायकोने विचारलं.

"नको. मीच बोलतो."

फोन लागला. पंप बिघडला होता, असं म्हणायला काहीच हरकत नव्हती. वाक्य ओठांवर आलंही होतं.

"पंप चांगला होता. मी उघडला," घड्याळजी म्हणाले. "टकटक ऐकू येत होती म्हणून. मग कळलं, मासेच वाजतायत. ते ऐकत बसलो आणि पंप जोडायचं विसरलो. तुझा थोरला गेला गं. आडवा पडलाय. चूक माझीच."

घड्याळजींना रडू फुटायचंच बाकी होतं.

"कल्ले... म्हणजे गळ्याजवळची कातडी हलतेय का बघा," लेक म्हणाली.

त्यांनी भिंग लावून पाहिलं. हलत होती.

"झोपलाय तो. लोच आडवेच झोपतात. पहिल्या वेळी मीपण रडले होते. पण बाबा, मासे वाजतायत म्हणजे?"

घड्याळजींनी कागदावरचं सगळं वाचून दाखवलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"चार वर्षं," ती शेवटी म्हणाली, "मी तो आवाज पंपाचाच समजत होते. फोन काचेला लावा बरं."

त्यांनी लावला. दाणा टाकला. पंपाच्या घरघरीत तिला काहीच ऐकू आलं नाही.

"राहू दे. मी रविवारी येतेय. आपण दोघं मिळून पंप बंद करू, थोडाच वेळ. तुम्ही मला ऐकवा. पण तोवर हात लावायचा नाही."

"नाही लावणार," घड्याळजी म्हणाले.

आयुष्यभर दुसऱ्यांची वेळ लावून देणाऱ्या त्या माणसाने संध्याकाळपर्यंत बायकोला तीनदा विचारलं, "आज वार कोणता गं?"